‘स्कूल’ शब्दाची कुळकथा

‘स्कूल’ हा इंग्रजी शब्द खेड्यातील लहान मुलाच्याही तोंडी असतो. त्याचा मूळ अर्थ मात्र शिक्षकांनीही ध्यानात ठेवावा असा आहे.

व्युत्पत्ती : प्राचीन ग्रीक भाषेत ‘स्खोले’ म्हणजे फुरसत. पोटापाण्याच्या उद्योगातून मोकळीक मिळालेले लोक आपला वेळ ज्ञानचर्चेत घालवीत. म्हणून त्या चर्चेस, व पुढे चर्चेच्या स्थानासही, तेच नाव पडले. लॅटिनमध्ये त्याचे ‘स्कोला’ झाले. त्यापासून इंग्रजीत ‘स्कूल’, जर्मनमध्ये ‘शूले’ व फ्रेंचमध्ये ‘एकोल’ ही रूपे आली. आपला ‘शाळा’ हा शब्द या कुळातील नव्हे. तो संस्कृत ‘शाला’ म्हणजे घर किंवा दालन यावरून आला. गोशाळा, धर्मशाळा हे त्याचे सोयरे होत. एक नाव वास्तूवरून पडले, दुसरे वेळेवरून.

अर्थच्छटा : विचारवंतांच्या वा चित्रकारांच्या संप्रदायासही ‘स्कूल’ म्हणतात. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ वळण लावणे असा होतो. माशांच्या समूहास लावला जाणारा ‘स्कूल’ हा शब्द मात्र निराळा. तो समुदायवाचक डच शब्दापासून आला. तेथे केवळ उच्चारसाम्य आहे.

बोध : ग्रीसमधील ती फुरसत स्वतंत्र नागरिकांच्या वाट्यास येई, कष्टाचा भार गुलामांवर असे. मुलास शाळेत पोहोचविणारा ‘पैदागोगोस’ हाही बहुधा गुलामच. त्याच्याच नावावरून अध्यापकवाचक ‘पेडागॉग’ हा इंग्रजी शब्द निघाला! महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. कष्टकऱ्यांच्या मुलांस शिकण्यापुरती सवड मिळावी, हेच तिचे मर्म होय. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस तो हक्क दिला. परंतु सुगीच्या दिवसांत वा धाकट्या भावंडापायी घरी राहिलेल्या मुलास ती सवड अद्याप मिळालेली नसते. अशा मुलास आळशी म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या घरी एकवार जाऊन यावे. शाळेत आलेल्या मुलाचा वेळही किरकोळ कामांत दवडू नये. तो त्याने मोठ्या कष्टाने मिळविलेला असतो.

वर्गकार्य : (१) ‘शाळा’ हे पद शेवटी असलेले शब्द मुलांकडून जमवावेत. (२) प्रत्येक मुलाकडून आपल्या दिवसाचे कोष्टक लिहवून घ्यावे. कोणास किती फुरसत आहे, हे त्यावरून शिक्षकांस कळून येईल.