बंडूचं भुंकणं

चि. सानिकास,


बंडूच्या भुंकण्याबद्दल सोसायटीचं पत्र आल्यापासून तू धास्तावली आहेस, हे फोनवरच्या आवाजावरून कळलं. त्या धास्तीत विजेचा झटका देणारा पट्टा मागवायचं तुझ्या मनात आहे. तो मागवू नकोस, सानू. बाकी काही ऐकलं नाहीस तरी एवढं ऐक. झटका बसला की कुत्रा गप्प होतो, हे खरं आहे. पण त्या क्षणी समोर जे कोणी असेल त्याच्याशी तो ती वेदना जोडतो. समोर शेजारची लहान नात असली, तर दुखलं ते तिच्यामुळे, असं त्याच्या मनात बसतं. मग तो भुंकायचा थांबतो आणि थेट अंगावर जाऊ शकतो. दवाखान्यात असताना अशी चावल्याची प्रकरणं माझ्यापर्यंत आली आहेत, म्हणून इतक्या निक्षून सांगते.

कुत्रा भुंकतो, कारण भुंकल्यावर त्याचं काम होतं. कुरिअरवाला बेल वाजवतो, बंडू भुंकतो, तू पार्सल घेतेस, माणूस निघून जातो. तो जाणारच होता हे तुला ठाऊक आहे. बंडूला मात्र वाटतं, मी हाकलला. हे रोज घडतं आणि रोज तो जिंकतो. त्यात तू आतून ‘बंडू, गप!’ म्हणून ओरडतेस, तेव्हा घरातलं माणूसही आपल्याबरोबर भुंकतंय असंच त्याला वाटतं. आणि तुझी ऑफिसची मीटिंग चालू असताना तो भुंकला की तू बिस्किट पुढे करतेस. त्याचा अर्थ त्याने बरोबर लावला आहे.

म्हणून आठवडाभर काहीही बदलू नकोस, फक्त वहीत लिही: कधी भुंकला, कशाला भुंकला आणि त्यानंतर लगेच काय झालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यातून कळेल की बंडूचं भुंकणं एकच नाही. गॅलरीतून खालच्या कुत्र्यांवर भुंकणं वेगळं, तुझ्याकडे बघत बघत भुंकणं वेगळं.

बेलपासून सुरुवात कर. तुमच्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे वाटीत घे. आवाज इतका हळू लाव की बंडू कान टवकारेल, पण भुंकणार नाही. कान हलले की लगेच तुकडा दे. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशीर झाला तर खाऊ कशाचा मिळाला हे त्याला कळत नाही. आवाज, तुकडा, आवाज, तुकडा. काही वेळाने बेल वाजल्यावर तो दाराकडे न बघता तुझ्याकडे बघेल. ते बघणंच आपल्याला हवं आहे. मग आवाज थोडा वाढव. भुंकला तर रागावू नकोस. आपण घाई केली असं समज आणि एक पायरी खाली ये. हे जमलं की दारापासून लांब एक सतरंजी टाक आणि बेल झाली की तुकडे तिच्यावरच टाकत जा. शेवटी निखिलला बाहेर उभं करून खरी बेल वाजवायला लाव. रोज पाच-पाच मिनिटं दोनदा पुरे, कंटाळेपर्यंत ताणू नकोस. कुत्र्याची लाळ बेलशी अशी जोडता येते, हे पाव्हलोव्हने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे. आपण फक्त भीतीच्या जागी खाऊ ठेवतो आहोत.

तुझ्याकडे बघून भुंकतो तेव्हा मात्र तुकडा नाही, नजर नाही, शब्दही नाही. पाठ फिरव. तो गप्प झाला की दोन श्वास थांब आणि मग जवळ घे. सुरुवातीला तो आणखी जोराने भुंकेल, कारण कालपर्यंत चालणारी युक्ती आज का चालत नाही हे त्याला कळत नसतं. नेमकं तेव्हाच हार मानलीस, तर जास्त भुंकलं की मिळतं हे तो शिकेल.

गॅलरीच्या जाळीला खालून कमरेपर्यंत जुनी चादर बांध. बंडू गावठी आहे. गल्ली राखणं त्याच्या रक्तात आहे. खालचं दिसलंच नाही, तर राखायचं तरी काय? आणि सकाळी फिरायला नेशील तेव्हा ओढत नेऊ नकोस. त्याला हुंगू दे, प्रत्येक खांबाशी थांबू दे. पोटभर हुंगून आलेला कुत्रा दुपारी झोपतो.

तुम्ही सगळे बाहेर असताना तो रडतो, असं वरच्या आजोबांचं म्हणणं आहे. एकदा मोबाइल चालू ठेवून रेकॉर्ड कर. दार खरवडणं, लाळ गळणं, घरात शू करणं दिसलं, तर ती एकटं राहण्याची भीती आहे, हट्ट नव्हे. त्यावर खाऊची युक्ती पुरत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. तसंही आधी एकदा कान आणि दात तपासून घे. काही दुखत असलं तरी कुत्रा भुंकतो.

सोसायटीला उत्तर देताना कायदा माहीत असू दे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचनांमध्ये, रात्री कुत्रा शांत राहील याची काळजी मालकाने घ्यावी, असंही म्हटलं आहे. तेव्हा कागद पुढे करण्याआधी वरच्या आजोबांकडे जा. त्यांची झोपमोड खरी आहे. बंडूला काय शिकवतो आहोत ते त्यांना सांग आणि तो कोणत्या वेळी रडतो तेही विचारून घे. तुझ्या वहीत ते उतरणार नाही.

आणखी एक. तुझ्या सासूबाई ‘चूप’ म्हणतात, तू ‘गप’, निखिल तिसरंच काही. तिघांनी बसून एक शब्द ठरवा आणि तो हळू आवाजातच वापरा. सासूबाईंना पोळीचा तुकडा टाकायची सवय आहे; त्यांना थांबवू नकोस, तुकडा कधी टाकायचा ते समजाव. त्यांच्याकडून तो सगळ्यात लवकर शिकेल.

आठवड्याने वहीच्या पानांचे फोटो पाठव. मी बघून कळवते.

तुझी,
आत्या