उन्हातील न दिसणारी किरणे

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत दुपारभर क्रिकेट खेळून घरी आलात, की अम्मी म्हणते, "उन्हात किती काळा पडलास!" मनगटावरचे घड्याळ काढून पाहा. पट्ट्याखालची जागा उजळ दिसते आणि बाकीचा हात काळसर दिसतो. असे का होते? उन्हाच्या उष्णतेमुळे? नाही. रोज गरम पाण्याने स्नान केले, तरी आपण काळे पडत नाही. हे काम आहे अतिनील किरणांचे. उर्दूत त्यांना 'बालाए बनफ्शी शुआएं' म्हणतात.

या किरणांचा शोध १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी लावला. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात काळे पडते, हे त्यांना ठाऊक होते. लोलकातून निघालेल्या सात रंगांत त्यांनी ते ठेवून पाहिले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ते सर्वांत लवकर काळे पडले!

अतिनील किरणांचे तीन प्रकार आहेत. यूव्ही-सी किरणे वातावरणातच अडवली जातात. यूव्ही-बी किरणांचा बराचसा भाग ओझोनचा थर शोषून घेतो. उरलेली किरणे आपली त्वचा भाजतात. पण त्यांच्याच मदतीने शरीरात 'ड' जीवनसत्त्वही तयार होते. यूव्ही-ए किरणे त्वचेत खोलवर जातात. त्यामुळे त्वचेवर लवकर सुरकुत्या पडतात. या किरणांचा मारा वर्षानुवर्षे होत राहिला, तर त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो.

यावर निसर्गाने उपाय केला आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते पेशीच्या केंद्रकावर जणू छत्री धरते. ऊन वाढले, की मेलॅनिनही वाढते. म्हणजे सावळा रंग हा दोष नाही, ती ढाल आहे. रंगावरून कोणाला चिडवणे हे अज्ञान आहे. मात्र ही ढाल सर्वच किरणे अडवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुकानात सनस्क्रीन मलम मिळते. त्यात झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा ॲव्होबेन्झोन यांसारखी द्रव्ये असतात. ही द्रव्ये अतिनील किरणे शोषून घेतात. झिंक आणि टायटॅनियमचे कण काही किरणे परतही फेकतात. डबीवर 'एसपीएफ' हा अंक असतो. एसपीएफ १५ चे मलम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के किरणे अडवते, तर एसपीएफ ३० चे सुमारे ९७ टक्के. अंक दुप्पट झाला, म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. मलम फार पातळ लावले, तर तेवढाही उपयोग होत नाही. घामाने ते निघून जाते. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. गोरे करण्याचा दावा करणारे मलम म्हणजे सनस्क्रीन नव्हे.

पण मलम महाग असते. शेतात राबणाऱ्या किंवा हातगाडी ढकलणाऱ्या माणसाने काय करावे? त्याच्यासाठी छत्री, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि झाडाची सावली आहे. दाट विणीचे कापड चांगले. कापड उजेडापुढे धरा. आरपार उजेड दिसला, तर त्यातून किरणेही येतात.

ऊन किती प्रखर आहे, हे सावलीच सांगते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर आडोसा शोधावा. जोहरच्या सुमारास सावली बहुधा अशीच आखूड असते. असरची वेळ होते तेव्हा ती आपल्या उंचीइतकी किंवा त्याहून लांब झालेली असते. मग खुशाल खेळायला जा.

आणखी एक गोष्ट. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही तीव्र अतिनील किरणे निघतात. ती उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका. त्वचा बरी होते. पण डोळे गेले, तर ते परत मिळत नाहीत.

शब्दार्थ
लोलक – प्रकाशाचे सात रंग वेगळे करणारी त्रिकोणी काच
प्रखर – फार तीव्र
आडोसा – आसरा, सावलीची जागा

स्वाध्याय
१. रिटर यांनी अतिनील किरणे कशी शोधली?
२. सावळ्या रंगाला लेखकाने 'ढाल' का म्हटले आहे?
३. उपक्रम : एका दिवशी दर तासाला आपल्या सावलीची लांबी मोजा आणि वहीत तक्ता तयार करा.