पुरेसे केव्हा म्हणावे



जीमॅट या प्रवेशपरीक्षेत ‘डेटा सफिशियन्सी’ नावाचा जो प्रश्नप्रकार असतो, त्यात उत्तर काढून दाखवायचे नसून, दिलेल्या दोन विधानांवरून एकच निश्चित उत्तर निघते किंवा नाही एवढेच ठरवायचे असते. आणि शाळेपासून शेवटच्या पायरीपर्यंत गणित सोडवून उत्तराखाली दोन रेघा ओढण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला नेमके हेच जड जाते. क्लासमध्ये ज्याला ‘पी अँड सी’ म्हणतात त्या प्रकरणात, म्हणजे क्रम लक्षात घेऊन केलेली मांडणी (क्रमचय) आणि क्रमाचा विचार न करता केलेली निवड (समचय) यांच्या गणितांत, ही अडचण अधिकच जाणवते.

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या धिम्या लोकलच्या वाटेवर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण अशी 8 स्थानके आहेत. त्यांपैकी काही स्थानके पाहणीसाठी निवडायची असून ती किती प्रकारे निवडता येतील, असा प्रश्न आहे असे समजावे. पहिले विधान असे की, निवडलेल्या आणि उरलेल्या स्थानकांच्या संख्यांत 4 चा फरक आहे. दुसरे असे की, निम्म्याहून अधिक स्थानके निवडली आहेत. पहिल्यावरून निवडलेली स्थानके 2 तरी असतील किंवा 6 तरी, आणि इथेच घाईत असलेला परीक्षार्थी पहिले विधान अपुरे ठरवून दुसऱ्याची मदत घेतो व चुकतो. वास्तविक 2 स्थानके निवडणे म्हणजेच उरलेली 6 वगळणे होय, म्हणून दोन्ही बाजूंनी प्रकार 28 च होतात. प्रश्न स्थानकांच्या संख्येविषयी नसून निवडीच्या प्रकारांविषयी आहे, तेव्हा पहिले विधान एकटेच पुरेसे ठरते. दुसरे एकटे पुरत नाही, कारण 5, 6, 7 किंवा 8 स्थानके घेतल्यास प्रकार अनुक्रमे 56, 28, 8 आणि 1 असे येतात.

आता याच प्रश्नात ‘कोणत्या क्रमाने भेट द्यायची’ एवढी भर घालून पाहावी. दोन स्थानकांचे क्रम 56 होतात, सहांचे 20,160. पहिले विधान एकटे पुरत नाही आणि दोन्ही एकत्र घ्यावीच लागतात. विधाने तीच राहिली, निकाल मात्र पालटला.

क्रम मोजणे आणि न मोजणे हा भेद आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म किती प्रकारे धरता येतील हे विचारले आहे. चक्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले की मूर्ती निराळी होते, म्हणून उत्तर 24 येते, आणि याच चोवीस मूर्तींची केशव-नारायणादी नावे संध्येमुळे घराघरांत ठाऊक आहेत. हातांचा भेदच मानला नाही, तर प्रकार एकच उरतो.

डेटा सफिशियन्सीचे प्रश्न जीमॅटच्या ज्या डेटा इनसाइट्स विभागात येतात, तिथे 20 प्रश्नांना 45 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे. तेवढ्यात फॅक्टोरिअलचे, म्हणजे 1 पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचे, गुणाकार करीत बसणे परवडणारे नाही. म्हणून या परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने विधाने वाचण्यापूर्वी, नेमके काय विचारले आहे आणि क्रमाला महत्त्व आहे की नाही, हे कच्च्या वहीत एका ओळीत लिहावे, दुसरे विधान तपासताना पहिले हाताने झाकून ठेवावे, आणि निदान पहिले पंधरा दिवस तरी एकाही गणिताचे अंतिम उत्तर काढू नये.