विहिरीतला दगड आणि कंसाचा वर्ग

यवतमाळ,
जून

चि. भाचीस,


तुझा मेसेज मिळाला. अकरावी सायन्सला तू गणित घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी यवतमाळला येऊन कॅल्क्युलसचा क्लास लावू का, असं तू विचारलं आहेस. माझं स्पष्ट मत आहे, लावू नकोस. घाटंजीलाच घरी बस आणि नववी-दहावीचं बीजगणित पुन्हा काढ.

इतकी वर्षं अकरावी-बारावीला शिकवतो आहे. कॅल्क्युलसमध्ये अडलेली मुलं बहुतेक वेळा कॅल्क्युलसपाशी अडलेली नसतात. लिमिट म्हणजे काय, हे त्यांना वर्गात समजलेलं असतं. पण तिसऱ्या ओळीत अवयव पडत नाहीत, पाचव्या ओळीत कंस सोडवताना वजाचं चिन्ह आतल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचत नाही, आणि पोरगं म्हणतं, ‘सर, डेरिव्हेटिव्ह जमत नाही.’ मग सूत्रं पाठ करणं सुरू होतं. सीईटीत अकरावीचे प्रश्न वीस टक्क्यांच्या आसपासच असतात म्हणून तर कित्येक जण अकरावीकडे पाहतही नाहीत. बारावीचं सगळं गणित तिच्यावरच उभं आहे, हे त्यांना फार उशिरा कळतं.

कागद घे आणि माझ्यासोबत एक गणित कर. शेतातल्या विहिरीत दगड सोडला. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरलं, तर ट सेकंदांत तो ‘५ गुणिले ट चा वर्ग’ इतके मीटर खाली जातो. म्हणजे पहिला सेकंद संपताना तो पाच मीटर, सुमारे सोळा फूट खाली असतो. नेमक्या त्या क्षणी त्याचा वेग किती? क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य, तेव्हा सरळ भागाकार चालत नाही. म्हणून पुढचा ह एवढा लहानसा वेळ घ्यायचा. तेवढ्यात कापलेलं अंतर ५(१+ह)² − ५. कंस सोडवला की १०ह + ५ह². त्याला ह ने भागलं की १० + ५ह. आता ह लहान लहान करत शून्याकडे ने, वेग १० मीटर प्रतिसेकंद. झालं कॅल्क्युलस. त्यातली शेवटची पायरी तेवढी नवीन होती, बाकी सगळं तुझं नववीचं.

आता हेच गणित (१+ह)² म्हणजे १+ह² असं धरून कर. ही चूक दर वर्षी माझ्या वर्गात निम्म्या वह्यांत सापडते. अंतर ५ह² येतं, भागाकार ५ह येतो आणि ह शून्याकडे नेला की वेग शून्य! सोळा फुटांवर दगड हवेतच थांबला. मधलं २ह गाळलं, तर विहिरीत काही पडायचंच नाही. विस्तारसूत्र पाठ असण्यापेक्षा ते मधलं पद कुठून येतं हे हाताला माहीत असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

करणीचंही तसंच. नववीत छेदाचं परिमेयीकरण केलंस, अनुबद्ध पदाने वर-खाली गुणायचं, आठवतं? तेव्हा ते कशासाठी, हे कुणी सांगितलं नसेल. वर्गमूळाचं डेरिव्हेटिव्ह काढताना √(क्ष+ह) − √क्ष हे अंशात येतं आणि भागायचं असतं ह ने. तिथे अंशाला त्याच युक्तीने मोकळं करावं लागतं, दुसरा सोपा रस्ता नाही. अक्षरी अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, घातांकाचे नियम, वर्गसमीकरण यांनाही वेळ दे. आणि अंशातलं एक पद छेदातल्या पदाशी परस्पर उडवायचं नाही. पूर्ण अंशाचा आणि पूर्ण छेदाचाही अवयव असेल तरच तो जातो.

मराठी माध्यमातून आल्यामुळे पहिला महिना जड जाईल. सहगुणकाला कोएफिशंट आणि करणीला सर्ड म्हणतात एवढं कळेपर्यंत फळ्यावरचं गणित पुढे गेलेलं असतं. वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या लिहून ठेव. दिवाळीपर्यंत ते पान उघडावंही लागणार नाही.

आधी बीजगणित, मग कॅल्क्युलस हा क्रम आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात आधी लीलावती, मग बीजगणित, आणि त्यानंतर ग्रहगणित. त्या ग्रहगणितात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे आपल्या दगडासारखा नेमक्या क्षणाच्या वेगाचा विचार आहे. पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री लीलावती आणि बीजगणित शिकले ते आपल्या नागपुरात. पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवत असताना, १८५८ साली, भास्कराचार्यांना कॅल्क्युलसची मूळ कल्पना अवगत होती, असा लेख त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला. नागपुरात बीजगणित पक्कं झालं होतं, म्हणून त्यांना ती कल्पना भास्कराचार्यांच्या ग्रंथात ओळखता आली, असं मला मनापासून वाटतं.

रोज सकाळी तासभर बस, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. थोडीच गणितं कर, पण एकही पायरी मनात करू नकोस, सगळ्या कागदावर उतरव. उत्तर आलं की क्ष च्या जागी २ घालून पहिली आणि शेवटची ओळ ताडून पाहा. जुळलं नाही तर चूक कुठल्या ओळीत आहे ते स्वतः शोध. खोडरबर वापरू नकोस, चुकलेली ओळ मला दिसली पाहिजे.

सुरुवातीला ही दोन घे. क्ष च्या वर्गातून ९ वजा करून आलेल्या राशीला क्ष − ३ ने भाग, आणि क्ष ३ च्या जवळ गेला की काय होतं ते सांग. दुसरं, १/(क्ष+ह) मधून १/क्ष वजा कर आणि आलेल्या उत्तराला ह ने भाग. खाली एकटा ह उरला, तर समज अजून काम बाकी आहे. दोन्हींचे फोटो पाठव, मी रात्री पाहीन.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा