आत्मपूजा : वैद्याच्या प्रज्ञेचा अपराध

मद, मान, दर्प, गर्व, आत्मश्लाघा हे शब्द व्यवहारात आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो आणि त्यांचा विचार नीतिशास्त्रावर किंवा कीर्तनकारांवर सोपवून मोकळे होतो. आयुर्वेदाने मात्र हा विषय वैद्यकाच्या कक्षेत घेतला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही रुग्णाच्या अभिमानाविषयी न लिहिता चिकित्सकाच्या अभिमानाविषयी लिहीत आहोत. कारण रुग्णाचा अभिमान त्याच्यापुरता बाधतो, चिकित्सकाचा अभिमान मात्र रुग्णाला बाधतो.

संहितेतील विचार

अहंकार हा शब्द शास्त्रात दोन ठिकाणी भिन्न अर्थांनी येतो. सृष्ट्युत्पत्तीच्या क्रमात तो एक तत्त्व आहे. तेथे त्याला दोष म्हणता येत नाही. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात मात्र चरकाचार्यांनी प्रवृत्तीच्या संदर्भात सांगितलेल्या दोषरूप भावांमध्ये त्याची गणना केली आहे. जाती, रूप, वित्त, वृत्त, बुद्धी, शील, विद्या, कुल, वय, वीर्य, प्रभाव यांनी मी संपन्न आहे, अशी जाणीव म्हणजे तेथील अहंकार होय. या यादीत विद्येचाही समावेश आहे, हे आपण वैद्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

त्याच स्थानाच्या चौथ्या अध्यायात सत्त्वाचे सोळा प्रकार येतात : सात्त्विक सात, राजस सहा व तामस तीन. त्यांपैकी राजस आसुर सत्त्वाच्या लक्षणांत 'आत्मपूजक' हा शब्द आहे आणि त्याच्या लगतच 'अननुक्रोश', म्हणजे निर्दय, हे लक्षण आहे. हे सान्निध्य आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ज्याची दृष्टी सतत स्वतःवर खिळलेली असते, त्याला समोरच्याचे दुःख दिसतच नाही. त्यासाठी त्याने मुद्दाम क्रूर व्हावे लागत नाही.

सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर व रोगाभिसर असे वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. रोगाभिसर वैद्य स्वतःचे गुण गातो, दुसऱ्या वैद्याचे दोष दाखवतो आणि रुग्णाची अवस्था बिघडली की साधने नव्हती, परिचारक नव्हता, रुग्णाने संयम पाळला नाही, अशी कारणे पुढे करतो. हे वर्णन भोंदू वैद्याचे आहे असे मानून आम्ही ते विद्यार्थिदशेत वाचून पुढे गेलो होतो. पुढील प्रसंगाने ते आम्हांस पुन्हा वाचावयास लावले.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक शिक्षक छातीत जळजळ होते म्हणून आमच्याकडे आले. अम्लपित्ताच्या चिकित्सेत आम्हांस बऱ्यापैकी यश व त्यामुळे थोडा लौकिकही लाभला होता. आम्ही लक्षणे अर्धी ऐकली, नाडी पाहिली, सूतशेखर व पथ्य लिहून दिले. पंधरा दिवसांनी उपशय नव्हता. आम्ही विचारले, "चहा सोडला का? जागरण होते का?" मात्रा वाढविली. आणखी पंधरा दिवसांनीही तीच तक्रार होती. आम्ही त्यांना पथ्यावरून काहीसे कठोर शब्दांत सुनावले.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या आयुर्वेदीय औषधी दुकानाचे मालक संकोचाने म्हणाले, "वैद्यसाहेब, त्या गुरुजींना आमच्या दुकानाच्या चार पायऱ्या चढतानाही छातीवर हात ठेवून थांबावं लागतं. एकदा पाहून घ्याल का?" आम्ही उत्तर दिले, "औषध देणं तुमचं काम, निदान आमचं." ते गप्प झाले.

तीन आठवड्यांनी पहाटे त्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. प्राण वाचले, परंतु हृदयाच्या स्नायूची हानी झाली ती कायमची. श्रमाने वाढणारी व विश्रांतीने थांबणारी वेदना हा एकच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता, तर आम्ही त्यांना तत्काळ हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविले असते. पुढे ते भेटावयास आले तेव्हा तक्रारीचा सूर नव्हता. एवढेच म्हणाले, "डॉक्टर, पथ्य मात्र मी पाळलं होतं हो."

मीमांसा

उपशय व अनुपशय ही निदानपंचकातील परीक्षेची साधने आहेत. औषधाने गुण न येणे ही रोगाने वैद्याला दिलेली माहिती असते. आम्ही तिचा अर्थ 'रुग्ण पथ्य पाळीत नाही' असा लावला, कारण दुसरा अर्थ 'आमचे निदान चुकले' असा होता. अभिमानाचे वैद्यकीय स्वरूप नेमके हेच आहे : तो अनुपशयाचे रूपांतर रुग्णाच्या अपराधात करतो. ज्ञान आमच्याकडे होते. ते योग्य वेळी आठवले नाही. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध, ही व्याख्या येथे तंतोतंत लागू पडते.

आत्मविश्वास वैद्याला हवाच. तो शास्त्राध्ययन व बहुदृष्टकर्मता यांवर उभा असतो आणि परीक्षेला तयार असतो. दर्पाला परीक्षाच नको असते.

आचरणात काय आणावे

1. चिकित्सेच्या प्रारंभीच अपेक्षित उपशय व त्याचा कालावधी केसपेपरवर लिहावा. त्या काळात गुण न आल्यास आधी निदान तपासावे, नंतर पथ्य.

2. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील संधाय संभाषा प्रत्यक्षात आणावी. आपल्या शाखासभांत यशस्वी रुग्णांची वर्णने पुष्कळ होतात; प्रत्येक सभेत एक फसलेली चिकित्साही मांडली जावी. ज्ञानवंतानेही आत्मप्रशंसा करू नये आणि बुद्धिमंताला सारे जग आचार्य असते, हे त्याच अध्यायातील सांगणे आहे.

3. औषधी दुकानदार रुग्णाला आपल्याहून अधिक वेळा पाहतो. त्याने निदान करू नये, पण जे दिसले ते वैद्यास अवश्य कळवावे आणि वैद्याने ते नोंदवून घ्यावे.

4. 'हमखास', 'कायमचा बरा' हे शब्द फलकांवरून व पत्रकांवरून काढावेत. मधुमेह, कर्करोग आदी व्याधींबाबत अशा जाहिराती 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहेतच. शिवाय जो दावा आपण रोज वाचतो, त्यावर आपलाही विश्वास बसू लागतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मान हा धारणीय वेगांत सांगितला आहे. वेग एकदा धारण केला म्हणजे संपत नाही, तो पुन्हा उत्पन्न होतो. आम्हांसही तो येतो, विशेषतः एखादा रुग्ण स्तुती करू लागला म्हणजे. अशा वेळी आम्ही त्याला श्रमाविषयी, जिन्याविषयी आणखी एक प्रश्न विचारतो. त्या दुकानदार मित्रांची क्षमा आम्ही मागितली आहे. आता त्यांच्याकडून अधूनमधून चिठ्ठी येते आणि तिच्यावरून आम्ही रुग्णाला पुन्हा बोलावून घेतो.