मापाला भीड नको

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वयंसेवकांना ‘गेम्स मेकर’ म्हणत. त्या 70,000 जणांत मीही होते. अर्ज आले होते 2,40,000 च्या वर, त्यामुळे निवड झाल्याचं कौतुक घरात बरेच दिवस पुरलं. मुलाखत झाली, वेम्बलीतलं प्रशिक्षण झालं, आणि मग गणवेश घेऊन जाण्याचा निरोप आला. इतकी वर्षं झाल्यावर सांगते, प्रशिक्षणापेक्षा तो गणवेशाचा दिवस महत्त्वाचा. पुढची सगळी ड्युटी सुखाची की सजेची, हे तिथल्या अर्ध्या-पाऊण तासात ठरतं.

जांभळा-लाल टी-शर्ट, फिकट पँट, जाकीट, टोपी, मोजे, बूट, पिशवी, पाण्याची बाटली. सगळं नवं कोरं, सगळं फुकट आणि नंतर आपलंच. इथेच आपली मंडळी फसतात. फुकट मिळतंय त्यात खोट कशी काढायची? मागे रांग, समोर हसतमुख माणूस, तोही बिचारा स्वयंसेवक. मग जरा आखूड, जरा सैल असलं तरी आपण ‘चालेल, चालेल’ म्हणत पिशवी भरतो.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते, आपल्याकडचेच. बूट थोडे घट्ट लागत होते, पण ‘वापरून सैल होतील’ म्हणाले आणि निघाले. पुढे स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक पार्कात आमची ड्युटी एकत्र लागली, प्रेक्षकांना वाटा दाखवायची. दुपारपर्यंत त्यांनी बुटांच्या टाचा दुमडून त्यांच्या सपाता केल्या होत्या. एका हातात मोठा फोमचा पंजा, चेहऱ्यावर हसू आणि टाचेला फोड. गणवेश आदिदासचा, दुसऱ्या कंपनीचं ठळक चिन्ह अशा ठिकाणी चालत नाही, त्यामुळे घरचे जुने बूट घालून वेळ मारून नेणंही अवघड.

म्हणून बूट शक्यतो दुपारनंतर निवडा. दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडं फुगलेलं असतं. कामाच्या वेळी घालणार तेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नुसतं उभं राहून कळत नाही. चार पावलं भराभर चाला, पायरी असेल तर चढून उतरा. घरी नेल्यावर बूट खोक्यात जपून ठेवू नका. ते घालून भांडी घासा, बाजारात जा.

पँटचं वेगळंच. तिकडची मापं तिकडच्या उंचीची. आपल्या पाच फुटी बायकांना कंबर बसते तर पाय जमिनीवर लोळतो. अशा वेळी लांबीपेक्षा कंबर आणि मांड्या बघा. भर रांगेत उकिडवं बसायला लाज वाटते, पण बसून बघाच. हरवलेल्या लहान मुलाशी बोलायला दिवसातून कितीदा तरी तसं बसावं लागतं. जास्तीची लांबी आत दुमडून कच्चा टाका घातला की भागतं. टी-शर्ट घालून दोन्ही हात वर करा; पोट उघडं पडत असेल तर एक माप मोठं मागा. जाकिटाच्या आत स्वेटर मावला पाहिजे. त्या वर्षी एप्रिल ते जून ब्रिटनमध्ये विक्रमी पाऊस झाला होता, आणि इंग्लंडमधली जुलैची सकाळ आपल्या महाबळेश्वरला लाजवते.

ओळखपत्राचं मात्र आधीपासून बघा. गणवेश अंगावर असला तरी गळ्यात पास नसेल तर फाटकातून आत सोडत नाहीत. आपल्या पासपोर्टवर बहुधा मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि अर्ज भरताना आपण नुसतं नाव-आडनाव लिहून मोकळे होतो. काउंटरवरच्या माणसाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. पासपोर्ट समोर ठेवूनच अर्ज भरा. आणि पास हातात आल्या आल्या त्याचा फोटो सगळ्यांना पाठवायची हौस आवरा. त्यावरचा बारकोड जगाला दाखवायचा नसतो.

खर्चाचाही अंदाज हवा. ड्युटीच्या दिवशी लंडनमधला प्रवास आणि एक जेवण मिळे. राहायची सोय ज्याची त्याने करायची. आम्ही लंडनमधल्याच हॅरोत राहणारे म्हणून निभावलं, लांबून आलेल्यांना ते जड गेलं.

दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गणवेश घेऊन पुढे फिरकलेच नाहीत, अशा स्वयंसेवकांच्या बातम्या गाजल्या होत्या. लंडनमध्येही काहींनी गणवेश ऑनलाइन विकायला काढले. मला दोन्ही पटत नाही. ज्याने कपडे घेतले त्याने कामाला उभं राहावं.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर. स्वयंसेवकांचे अर्ज निघतील तेव्हा जरूर भरा, कॉलेजातल्या मुलांनी तर नक्कीच. फक्त अर्जात मापाचा रकाना आला की अंदाजाने ‘मीडियम’ लिहू नका. घरातली टेप काढा, दुसऱ्या कुणाकडून छाती, कंबर आणि पायाची लांबी मोजून घ्या, आणि तो कागद गणवेश घ्यायला जाताना खिशात ठेवा.