सँडीगेटच्या उतारावर उमगलेलं

कोल्हापुरात तालमींचं फुटबॉल बघत वाढलो, नोकरीने शेफील्डला आणलं. शहरात दोन बडे क्लब आहेत. मन मात्र रमलं टेकडीवरच्या क्रॉसपूलमध्ये, हॅलम क्लबच्या सँडीगेट मैदानावर. एकेकाळच्या खेड्यातला हा क्लब व्यावसायिक लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली खेळतो. तरी इथे येऊन उभं राहिल्यावर काही गोष्टी उमगल्या.

१. आधी मैदान राखावं. सँडीगेटला चांगलाच उतार आहे, पाहुण्यांचे पास त्यावरून हमखास लांब जातात. १८०४ पासून इथे क्रिकेट होतं, १८६० मध्ये फुटबॉल क्लब निघाला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला शेफील्ड क्लबने हॅलमला इथेच २-० हरवलं. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीजने याची नोंद केली आहे. त्या पराभवाचा दिवस क्लब आजही अभिमानाने सांगतो, हे मला फार आवडतं.

२. शेजारच्या संघाशी वैर असावं, पण खेळणं थांबू नये. १८६२ च्या डिसेंबरात ब्रॅमल लेन मैदानावर हॅलम आणि शेफील्ड गिरणी कामगारांच्या मदतीसाठी खेळले. अमेरिकेतल्या यादवीने कापूस येणं थांबून लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. उपाशी कामगारांसाठीच्या त्या सामन्यातही खेळाडू हातघाईवर आले! तरी हे दोन संघ त्यानंतरही एकमेकांशी खेळत राहिले.

३. मिळालेलं जपावं. १८६७ मध्ये थॉमस यूडन या नाट्यगृहाच्या मालकाने चषक ठेवला. ही फुटबॉलमधली पहिली चषक स्पर्धा, एफए कपच्याही आधीची, आणि ती हॅलमने जिंकली. पुढे तो चषकच हरवला. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सापडला, तेव्हा क्लबला तो २,००० पौंड मोजून परत घ्यावा लागला. लहान क्लबला ही रक्कम मोठीच. स्वतःचाच चषक विकत घ्यायची वेळ कुणावरही येऊ नये.

४. क्लब चालतो तो माणसांवर. रेषा आखणारे, गेटवर बसणारे, चहा करणारे बहुतेक बिनपगारी असतात. त्यांची नावं निकालाच्या तक्त्यात येत नाहीत, म्हणून ती मुद्दाम लिहून ठेवावी लागतात.

तुमच्या तालमीत किंवा वाड्यावरच्या क्लबात संघाचा जुना फोटो टांगलेला असेल, तर त्यातली माणसं हयात आहेत तोवर त्यांना गाठा आणि सगळ्यांची नावं फोटोच्या मागे लिहून काढा.